पडलेल्या यानाचा पत्ता



मध्यंतरी एका गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. हिशेब झाला, चहा झाला आणि विषय निघाला चांद्रयानाचा. 2023 साली यान चंद्रावर उतरताना बहुतेकींनी टीव्हीवर पाहिलेलं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका आजींनी विचारलं, "ते आधीचं पडलं होतं ना गं? त्याला कुणी शोधलं का नाही?"

बैठकीत कुणालाच सांगता आलं नाही, आम्हालाही नाही. मग आम्ही वाचायला बसलो. पडलेली यानं शोधण्याचा इतिहास बराच जुना निघाला. तोच आज सांगतो.

माणसानं घडवलेली पहिली वस्तू चंद्रावर पोचली ती 1959 च्या सप्टेंबरमध्ये. सोव्हिएत रशियाचं ते लूना-2 यान. ते अलगद उतरलं नाही, आदळलं. तेव्हा तिथवर पोचणं हेच मोठं होतं. 31 जुलै 1964 ला अमेरिकेचं रेंजर-7 आदळलं, पण आदळण्याआधीच्या काही मिनिटांत त्यानं चार हजारांहून जास्त फोटो पाठवले. त्याच्या आदळण्यानं पडलेला खड्डा पुढं अपोलो-16 च्या फोटोंत दिसला.

अपोलोच्या काळात तर मुद्दाम आपटायला सुरुवात झाली. अंतराळवीरांना चंद्राकडं ढकलून रिकामा झालेला रॉकेटचा भाग शास्त्रज्ञ चंद्रावरच पाडत. कशासाठी? आपण कलिंगडावर टिचकी मारून आतलं ओळखतो, तशासाठी. अंतराळवीरांनी चंद्रावर हादरे मोजणारी यंत्रं ठेवली होती. 1970 मध्ये अपोलो-13 चा असा भाग आदळला, तेव्हा त्याचा हादरा यंत्रावर तीन तासांहून जास्त वेळ उमटत राहिला. अशा हादऱ्यांवरून चंद्राच्या पोटात काय आहे याचा अंदाज बांधता येतो.

पण त्यासाठी टिचकी नेमकी कुठं बसली ते ठाऊक हवं. अपोलो-16 च्या वेळी तिथंच अडलं. आदळण्याआधीच त्या भागाशी रेडिओ संपर्क तुटला आणि जागा अंदाजानंच मांडावी लागली. ती खरी जागा सापडली 2015 मध्ये, म्हणजे 43 वर्षांनी. पत्ता चुकला तर पुढचा हिशेबही चुकतो, म्हणून इतक्या वर्षांनीही शोध चालू होता.

आता शोधतात कसं? 2009 पासून अमेरिकेच्या नासा संस्थेचं एक यान चंद्राभोवती फिरत फोटो काढतं आहे. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही. उमटलेली खूण तिथं लवकर पुसली जात नाही. अडचण उलटीच आहे, तिथं खुणाच फार. सगळी जमीन लहानमोठ्या खड्ड्यांनी भरलेली. म्हणून एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवतात, एक आधीचा, एक नंतरचा. आधी नव्हतं आणि आता आहे असं काय, ते पाहतात. दोन्ही वेळी ऊन सारखं असेल तर बरं. नांगरलेल्या शेतात संध्याकाळी ढेकळाढेकळाची लांब सावली पडते आणि दुपारी तेच रान सपाट वाटतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

तर आजींचं यान. चांद्रयान-2 श्रीहरिकोट्याहून निघालं 22 जुलै 2019 ला. प्रकल्पाची धुरा एम. वनिता यांच्याकडं होती, तर मोहिमेच्या संचालक होत्या रितू करिधाल. 7 सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर विक्रम नावाचं यान उतरू लागलं आणि जमीन जवळ आली असतानाच संपर्क तुटला. इस्रोच्या कार्यालयातली ती शांतता अनेकींना आठवत असेल. तीन दिवसांनी इस्रोनं कळवलं, की वरून फिरणाऱ्या आपल्या यानाला विक्रम दिसला आहे, पण बोलणं होत नाही.

17 सप्टेंबरला नासाचं यान त्या भागावरून गेलं. तिथं तेव्हा सांज होती आणि लांब सावल्यांत विक्रम कुठं ओळखू येईना. नासानं तो फोटो सर्वांसाठी खुला केला. चेन्नईचे एक इंजिनीअर, षण्मुग सुब्रमणियन, नोकरी सांभाळून तो फोटो जुन्या फोटोंशी ताडून पाहू लागले. तांदूळ निवडताना पांढरा खडा तांदळातच लपतो, तसं ते काम. त्यांना एक उजळ ठिपका दिसला. जुन्या फोटोत तो नव्हता. त्यांनी नासाला कळवलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चांगल्या उजेडात नवे फोटो आले. त्यांत एकेक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सुमारे 70 सेंटीमीटर. मग विक्रम आदळल्याची जागा दिसली आणि कित्येक किलोमीटरवर विखुरलेले तुकडेही. 2 डिसेंबरला नासानं हे जाहीर केलं, सुब्रमणियन यांचं नाव घेऊन. आपल्या यानाला जागा आधीच सापडली होती, याची आठवण इस्रोच्या प्रमुखांनी तेव्हा करून दिली. दोन्ही गोष्टी नोंदवलेल्या बऱ्या.

पण नुसता पत्ता लागून भागत नाही. पडलं का, हे त्याहून मोठं. त्याच नोव्हेंबरमध्ये सरकारनं लोकसभेत सांगितलं, की विक्रम ठरलेल्या जागेपासून 500 मीटरच्या आतच आदळला, उतरताना वेग ठरल्याप्रमाणे कमी झाला नव्हता. म्हणजे यान भलतीकडं भरकटलं नव्हतं, उतरण्यात चुकलं होतं. पुढं इस्रोनं आणखी उलगडून सांगितलं. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त पडला, चुका साठत गेल्या आणि उतरायला नेमून दिलेली जागा जेमतेम 500 मीटर लांब-रुंद होती.

चांद्रयान-3 बांधताना एकेक दोष समोर ठेवला गेला. काय काय बिघडू शकतं याची यादी आधी, मग बांधणी. उतरण्याची जागा काही किलोमीटर लांब-रुंद केली. पाय मजबूत केले, इंधन वाढवलं. चांद्रयान-2 चं वर फिरणारं यान शाबूत होतं. जागा निवडताना त्यानंच काढलेले फोटो कामी आले. या मोहिमेच्या सहयोगी प्रकल्प संचालक कल्पना कालहस्ती. 23 ऑगस्ट 2023 ला संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी यान उतरलं. त्यानंतर बोलताना त्यांनी चांद्रयान-2 च्या अनुभवाची आठवण काढली. जिंकलेल्या दिवशीही पडलेल्याचा विसर पडला नव्हता.

हे काम किती अवघड, ते त्याच आठवड्यात दिसलं. चारच दिवस आधी रशियाचं लूना-25 चंद्रावर आदळलं होतं. नासानं आधीचे आणि नंतरचे फोटो ताडले, तेव्हा तिथं सुमारे 10 मीटर रुंदीचा नवा खड्डा सापडला. अवकाशातला इतका अनुभव असलेला देशही पडतो.

चांद्रयान-3 उतरलं त्या जागेला शिवशक्ती हे नाव मिळालं. विक्रम जिथं पडला, त्या जागेलाही त्याच वेळी नाव दिलं गेलं, तिरंगा.

हे सगळं घेऊन आम्ही परत त्या गटात गेलो. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे पडल्या जागेचाही पत्ता लिहून ठेवला म्हणायचा. बरं केलं." शेजारी गटाची वही उघडी होती. दिवाळीच्या फराळात आलेल्या तोट्याचं पान त्यात अजून कोरंच होतं. गटाच्या सचिव ताईंनी काही न बोलता पेन उघडलं.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.