शिळाछापापासून संगणकापर्यंत : एका पानावरील दोन लिप्या



पेसाहच्या सेदेरला मेजाभोवती बसलेल्या मुलांनी प्रश्न विचारावेत, अशी आपल्या पूर्वजांची आज्ञाच आहे. गेल्या काही वर्षांपूर्वी अशाच एका रात्री आमच्या कुटुंबातील आठ वर्षांच्या, लंडनमध्ये जन्मलेल्या मुलाने एक प्रश्न विचारला. तो हग्गादात छापलेल्या चार प्रश्नांपैकी नव्हता. समोर हिब्रू-मराठी पुस्तक उघडे होते. ते उजवीकडून उघडते. हिब्रू ओळ उजवीकडून डावीकडे जाते आणि शेजारची मराठी ओळ डावीकडून उजवीकडे येते. मुलगा म्हणाला, "मामा, ह्या दोन ओळी एकमेकींवर आपटत नाहीत का?"

त्या रात्री आम्ही त्याला हसून उत्तर दिले. परंतु पेशाने शिक्षक असल्यामुळे आमचे समाधान झाले नाही. त्या एका पानामागे आपल्या समाजाचा जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो केवळ आपला एकट्याचाही नाही. अनेक भाषांच्या व अनेक धर्मांच्या माणसांनी, त्या त्या काळच्या यंत्रांच्या साहाय्याने, तो घडविला आहे. तो येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

सन १७९६ हे वर्ष आपल्या परिचयाचे आहे. त्या साली सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत आपले पहिले प्रार्थनामंदिर, 'शाआर हारहामीम', उभारले. योगायोग असा की, त्याच सुमारास जर्मनीत अलोइस झेनेफेल्डर ह्या गृहस्थाने दगडावरून छापण्याची कला शोधून काढली. आपल्याकडे तिला शिळाछाप म्हणतात. ह्या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. तो पुढे पन्नास वर्षांनी जडावयाचा होता.

प्रार्थनामंदिर झाले, तरी हिब्रू भाषा जाणणारे लोक समाजात फार थोडे होते. कोकणात तेल गाळणाऱ्या आपल्या पूर्वजांनी शाब्बाथ पाळला, सुंता पाळली, 'शेमा' म्हटली, सण पाळले. परंतु त्या सणांना नावे मराठीच होती. रोश हाशाना म्हणजे 'नव्याचा सण', योम किप्पुर म्हणजे 'दरफळनीचा सण' आणि पेसाह म्हणजे 'अनाशी ढाकाचा सण'. हिब्रूचे शिक्षण बाहेरूनच यावयाचे होते. सन १८२६ च्या सुमारास व पुन्हा १८३३ साली कोचीनहून शिक्षक आले. त्यांची घरची भाषा मलयाळम, शिकवावयाची भाषा हिब्रू आणि शिष्यांची भाषा मराठी. ह्या तीन भाषांच्या ओढाताणीतून आपल्या लोकांनी प्रार्थना शिकून घेतल्या.

दुसरी मदत आली ती ब्रिटनमधून, आणि तिचा हेतू निराळा होता. स्कॉटलंडचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन सन १८२९ मध्ये मुंबईस आले. त्यांनी मराठी शिकून घेतली आणि १८३२ साली बेने इस्राएल विद्यार्थ्यांसाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत छापून काढले. अमेरिकन मिशनने शाळा काढल्या, त्यांतही आपली मुले गेली. आपण ख्रिस्ती व्हावे, ही त्या मंडळींची इच्छा होती, हे लपविण्याचे कारण नाही. आपल्या लोकांनी व्याकरण घेतले, वाचन घेतले, आणि धर्म मात्र आपलाच ठेवला. धर्मांतर करणारे अगदी थोडे निघाले. आपले इतिहासकार हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी ह्या मिशनऱ्यांचे ऋण कृतज्ञतेने मान्य केले आहे. देणाऱ्याचा हेतू एक आणि घेणाऱ्याचा उपयोग दुसरा, असे असूनही त्यांच्या हातून एक चांगले काम होऊ शकते, हे ह्या व्याकरणाच्या पुस्तकावरून आम्हांस दिसते.

आता छपाईकडे वळू. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर सन १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले, तेव्हा देशी माणसाच्या हातात ही कला आली. आपल्या समाजाच्या दृष्टीने तिचा लाभ कोणता, हे नीट समजून घेतले पाहिजे. खिळे जुळवून पुस्तक छापावयाचे, तर देवनागरीचे खिळे हवेत, हिब्रूचेही हवेत, आणि दोन्ही लिप्या जाणणारा जुळारी हवा. असा माणूस मिळणे दुरापास्त. शिळाछापाला यांपैकी काहीच लागत नाही. लेखकाने विशिष्ट कागदावर तेलकट शाईने आपल्या हाताने लिहावे. तो कागद दगडावर दाबला की अक्षरे दगडावर उलटी उमटतात, आणि त्या दगडावरून छापताना पुन्हा सुलटी होतात. हिब्रू उजवीकडून लिहा, मराठी डावीकडून लिहा, मध्ये चित्र काढा. दगडाला सर्व सारखेच.

ह्याच पद्धतीने सन १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा छापण्यात आला. त्यानंतर १८७४ साली पुण्यात निघालेला हग्गादा तर आज जगभर प्रसिद्ध आहे. मोझेस जेकब तळकर आणि एरन डॅनियल तळकर यांनी तो सिद्ध केला, आणि तो छापला गेला विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात. अग्निहोत्री हे आडनावच काय ते सांगते. मिसरच्या गुलामगिरीतून सुटल्याची आपली कथा पुण्यातील एका हिंदू गृहस्थाच्या छापखान्यातील दगडावरून कागदावर उतरली! त्यातील चित्रात लुगडी नेसलेल्या स्त्रिया जमिनीवर बसून मत्सा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, करीत आहेत. युरोपातील कोणत्याही हग्गादात असे चित्र सापडणार नाही.

ह्याच काळात जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनांची पुस्तके एकामागून एक मराठीत आणली. ते डेव्हिड ससून यांच्या नावाने चालणाऱ्या मुंबईच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. ती शाळा बगदादी यहुद्यांची, मुख्याध्यापक बेने इस्राएल, आणि त्यांच्या लेखणीतून हिब्रूची मराठी होत होती. शिक्षकी पेशातील आम्हां लोकांना त्यांच्याविषयी विशेष अभिमान वाटतो. किहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत इस्राएली शाळा काढली, तिला लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनचे साहाय्य मिळत असे. त्यांनी लिहिलेला आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये पूर्ण झाला. परंतु तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीव येथे. चाळीस वर्षे तो हस्तलिखितातच राहिला, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

मग ह्या पुस्तकांचे पुढे काय झाले? हिंदुस्थानात सन १८६७ मध्ये छापखाने व पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा झाला, आणि त्यानंतर तेथील पुस्तके निवडून लंडनला येऊ लागली. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयातील मराठी व गुजराती पुस्तकांची छापील सूची ब्लुमहार्ट यांनी १८९२ साली प्रसिद्ध केली. पुढे १९७३ मध्ये ब्रिटिश लायब्ररी स्थापन झाली, आणि १९८२ मध्ये इंडिया ऑफिसचा ग्रंथसंग्रहही तिच्याकडे आला. म्हणजे आपण कुटुंबे घेऊन ह्या देशात येण्याच्या कितीतरी आधी आपली भाषा येथे येऊन पोहोचली होती.

परंतु पुस्तक ग्रंथालयात असणे आणि ते सापडणे, ह्यांत अंतर आहे. आपली आडनावे आपल्या गावांवरून पडलेली. तळ्याचे ते तळकर, किहीमचे ते किहीमकर. इंग्रजी लिपीत 'तळकर' ह्या नावातील 'ळ' नाहीसा होतो आणि कोठे कोठे तर ते नाव 'बोलणारा' ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखे दिसू लागते. ज्याला मराठी येत नाही, त्या सूचीकाराचा ह्यात दोष नाही. दोन शब्द सांगावयास आपल्यापैकी कोणी त्याच्याजवळ नव्हते, एवढेच.

आता संगणकाविषयी. आरंभी प्रत्येक मराठी टंकाची व्यवस्था निराळी असे. एका यंत्रावर लिहिलेले पत्र दुसऱ्या यंत्रावर उघडले की निरर्थक चिन्हे दिसत. सन १९९१ मध्ये युनिकोड ही व्यवस्था प्रथम प्रसिद्ध झाली. तीत समाविष्ट असलेल्या प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत. देवनागरीला आहे, तसाच हिब्रूलाही. दोन्ही लिप्या एका ओळीत आल्या, तर यंत्र त्या वाचनाच्या क्रमाने साठविते आणि पडद्यावर हिब्रू उजवीकडून व मराठी डावीकडून मांडते. शिळाछापाच्या दगडाने जे काम १८४६ साली केले, तेच काम आता क्रमांक करीत आहेत. आमच्या त्या छोट्या मित्राच्या दोन ओळी आता आपटत नाहीत, त्याचे कारण हे.

सन २०२० च्या पेसाहला ह्याचा अनुभव पुष्कळांनी घेतला. ह्या देशात २३ मार्चपासून घराबाहेर पडण्यास बंदी आली होती, आणि ८ एप्रिलच्या सायंकाळी सेदेर होता. सणात यंत्र चालवावयाचे नाही, म्हणून आम्ही सण लागण्यापूर्वीच एकत्र जमण्याचे ठरविले. लंडनमध्ये दुपारचा एक, इस्राएलमध्ये तीन, मुंबईत साडेपाच. पडद्यावर जुन्या हग्गादाचे पान ठेवले. मुंबईच्या आत्यांनी मराठी वाचली, अश्दोदच्या भाचीने हिब्रू, आणि येथील मुलांनी इंग्रजी. मध्येच आत्या 'अनाशी ढाकाचा सण' म्हणाल्या. कोणा मुलाने ते शब्द भाषांतर करणाऱ्या यंत्राला विचारले; यंत्राने काहीतरी अर्थहीन इंग्रजी पुढे केले. तेव्हा आत्यांनीच सांगितले की, अनाशी म्हणजे आंबट पदार्थ ठेवण्याचे भांडे, आणि ते झाकून ठेवण्याचा तो सण. यंत्राने त्यांना आमच्यापर्यंत आणले. अर्थ मात्र त्यांच्याजवळच होता. त्या आत्या आज हयात नाहीत.

यंत्रावर सर्वस्वी विसंबणेही बरे नव्हे. सन २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर चोरट्यांनी हल्ला केला आणि तिची सूची पुढील जानेवारीपर्यंत वाचकांना बंद राहिली. दगड फुटतो, कागद कुजतो, संगणकही बंद पडतो. म्हणून एकच वस्तू अनेक ठिकाणी, अनेक हातांत असावी, हे बरे.

येथे आम्हांस स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. आमच्या तीर्थरूपांच्या सिद्दुराच्या मागील कोऱ्या पानांवर तीन पिढ्यांचे जन्म व मृत्यू मराठीत लिहिलेले होते. घर बदलताना, आता हे कोण वाचणार, असे म्हणून आम्ही ती पेटी इतर सामानाबरोबर देऊन टाकली. एक छायाचित्र घेण्यास पाच मिनिटेही लागली नसती. आज आमच्या आजीच्या जन्माचे साल आम्हांस ठाऊक नाही.

वाचकांनी ही चूक करू नये, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच. घरातील जुनी पुस्तके उघडा. मुखपृष्ठाचे आणि हाताने लिहिलेल्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या. माणसांची व गावांची नावे मराठी, हिब्रू व इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत लिहून ठेवा. घरातील वृद्धांना ती पाने मोठ्याने वाचावयास सांगा आणि त्यांचा आवाज मुद्रित करा. यंत्र हाताळण्याचे काम मुलांकडे द्या, वाचण्याचे काम आजी-आजोबांकडे. कारण आज दोघांपैकी कोणालाही ते एकट्याने जमणार नाही. त्याच्या प्रती इस्राएलमधील व मुंबईतील आप्तांना पाठवा, आणि ज्या ग्रंथालयात आपली पुस्तके आहेत, तेथे जाऊन नावे दुरुस्त करण्यास साहाय्य करा.

तो प्रश्न विचारणारा मुलगा आता तरुण झाला आहे. त्याला मराठी वाचता येत नाही. परंतु गेल्या हिवाळ्यात त्याने आमच्या घरच्या चार पुस्तकांची सर्व पाने टिपून घेतली, आणि आम्ही शेजारी बसून त्याला एकेक नाव सांगत होतो. अजून दोन पुस्तके उरली आहेत.