विष सापडले नाही, तर?

मेलेला माणूस साक्ष देत नाही. म्हणून त्याच्या आतड्यांना बोलते करण्याचे शास्त्र निघाले. १८३६ मध्ये जेम्स मार्श या इंग्रज रसायनज्ञाने सोमल ओळखण्याची कसोटी प्रसिद्ध केली आणि कोर्टात या शास्त्राचा दबदबा वाढला. परंतु तपासणीत काहीच सापडले नाही, तर गुन्हाच घडला नाही असे समजावे काय?

पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे खटल्याने याचे उत्तर दिले. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री त्या डॉ. अनंत चिंतामण लागू यांच्यासह रेल्वेने मुंबईस निघाल्या. तेथे बेशुद्धावस्थेत त्यांना रुग्णालयात नेले, ते खोट्या नावाने. दुसऱ्याच दिवशी त्या वारल्या. रासायनिक पृथक्करणात विष आढळले नाही. तरीही खोटे नाव, बनावट पत्रे, बळकावलेली मालमत्ता अशी साखळी जुळली आणि डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली.

आम्ही बुलढाण्याच्या कापूसपट्ट्यात शेतमजुरांमध्ये वावरणारे. २०१७ साली वऱ्हाडातल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. नमुना उशिरा घेतला, तर अहवाल कोरा येण्याची भीती. आणि त्या कोऱ्या कागदावर विधवेची भरपाई अडते. लक्ष्मीबाईंसाठी सरकार फिर्यादी झाले. मजुराच्या विधवेसाठी कोण होणार? म्हणून आमचे सांगणे एवढेच : औषधाचा डबा फेकू नका, फवारणीचा दिवस लिहून ठेवा, सोबत्यांची साक्ष नोंदवा. प्रयोगशाळेचा कागद हा साखळीतला एक दुवा आहे. सगळी साखळी नव्हे.