लाल पत्र्याचे थर

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दीड-दोन दशकांत अमेरिकेतील पेट्रोल पंपांवर, केशकर्तनालयांत आणि कारखान्यांच्या आवारांत जी लाल रंगाची, नाणे टाकल्यावर थंड बाटली देणारी शीतपेय-यंत्रे उभी असत, ती आज संग्राहकांच्या बाजारात जुन्या मोटारींप्रमाणेच जीर्णोद्धाराचा विषय झाली आहेत. या जीर्णोद्धारात शीतकरणाची यंत्रणा दुरुस्त करण्यापेक्षा रंगाचा निर्णय घेणे अनेकदा अधिक अवघड ठरते. कारण ज्याला ‘मूळ रंग’ म्हणून शोधले जाते, तो या यंत्रांच्या आयुष्यातील केवळ पहिला थर होता, आणि यंत्र वापरात असतानाच त्यावर पुढचे थर चढत गेले होते.

या यंत्रांची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. इंडियाना राज्यातील मन्सी येथील ग्लास्कॉक बंधूंच्या कारखान्याने १९२९ मध्ये कोका-कोलासाठी बर्फावर चालणारी, ठरावीक नमुन्याची पेटी बनवली. पुढे विजेवरील शीतकरण आले, आणि १९३७ मध्ये कॅन्सस सिटी येथे पिअर्सन बंधूंनी स्थापलेल्या व्हेंडो कंपनीने या पेटीला नाण्यावर चालणाऱ्या झाकणाची जोड दिली. युद्धोत्तर काळात आडव्या पेटीऐवजी उभी कपाटे प्रचारात आली. व्हेंडोच्या ३९, ४४ आणि ८१ या नमुन्यांची नावे त्यांतून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांच्या संख्येवरून पडली असून, त्यांपैकी ४४ क्रमांकाचे, जेमतेम १६ इंच रुंदीचे यंत्र संग्राहकांचे विशेष आवडते आहे.

रंगाचा आणि या व्यवसायाच्या अर्थकारणाचा संबंध वरवर वाटतो त्याहून जवळचा होता. १८९९ च्या एका कराराने कोका-कोला बाटल्यांत भरण्याचे हक्क इतरांना दिले गेले, आणि त्यांना लागणारा पाक ठरीव दराने पुरवण्याचे बंधन मूळ कंपनीवर आले. हा करार १९२१ मध्ये बदलला, तोवर पेयाची विक्री जितकी वाढेल तितकाच कंपनीचा लाभ, अशी स्थिती असल्याने किरकोळ किंमत चढू न देणे तिच्या हिताचे होते, आणि तिने भिंतींवर, फलकांवर सर्वत्र ‘पाच सेंट’ हे शब्द रंगवून घेतले. एकदा सगळा देश अशा प्रकारे रंगवून झाल्यावर किंमत वाढवणे म्हणजे तो पुन्हा रंगवणे होते. त्यात भर पडली ती यंत्रांची, कारण त्यांची बहुसंख्य नाणेयंत्रणा केवळ पाच सेंटचे एकच नाणे ओळखत असे, आणि त्यापुढचे सोयीचे नाणे थेट दहा सेंटचे होते. कंपनीचे सूत्रधार रॉबर्ट वुड्रफ यांनी १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याकडे साडेसात सेंटचे नवे नाणे पाडण्याची सूचना केली, ती या अडचणीतूनच. ती मान्य झाली नाही, हे सांगण्याची गरज नाही. १८८६ पासून टिकलेली ही किंमत १९५० च्या दशकाअखेर सर्वत्र मोडली, आणि यंत्रांवरचे आकडेही मग पुसले वा झाकले गेले.

कारखान्यातून निघताना या यंत्रांवर भट्टीत भाजलेला एनॅमल रंग असे, म्हणजे राळयुक्त रंग फवारून पत्रा उष्णतेने तापवून कठीण केलेला थर. ड्यूपाँ कंपनीचा ड्युको हा लवकर वाळणारा लॅकर १९२० च्या दशकात मोटारींसाठी आला, आणि महाराष्ट्रातील गॅरेजांत व फर्निचरच्या कारखान्यांत फवाऱ्याच्या रंगकामाला आजही तेच नाव चालते. शीतकपाटांसाठी मात्र भाजलेले एनॅमल अधिक सोयीचे ठरले, कारण त्याला घासून चकाकी आणावी लागत नसे आणि ओल, तेलकट हात व वारंवार पुसणे ते बरेच सोसत असे. तरीही उन्हात उभ्या असलेल्या यंत्राचा लाल रंग काही वर्षांत भुरकट होई, आणि बाष्पाचे पाणी साचून तळाचा पत्रा गंजे. मग बाटलीभरणीच्या स्थानिक कारखान्याच्या कार्यशाळेत त्यावर नवा हात फिरवला जाई. १९५० च्या दशकाच्या मध्यास वरचा भाग पांढरा करण्याची पद्धत आली, तर १९५८ च्या सुमारास माशाच्या शेपटीच्या आकाराचे नवे बोधचिन्ह आले. अशा प्रत्येक बदलाबरोबर जुन्या यंत्रांनाही नवा वेश चढवणे नवे यंत्र घेण्यापेक्षा स्वस्त पडे. कारखान्यातला पहिला थर आणि कार्यशाळेतले नंतरचे थर यांतील हा फरक आजच्या जीर्णोद्धारात सहसा लक्षात घेतला जात नाही.

आजच्या कामाची पद्धत मुख्यतः मोटारींच्या डेंटिंग-पेंटिंगवरून आली आहे. दार, कुलूप, निकेलचे पट्टे आणि रबरी पट्ट्या काढून यंत्र उघडे केले जाते आणि जुना रंग उतरवला जातो. वाळूच्या जोरदार माऱ्याने गंज झटपट निघतो खरा, पण दाराचा सपाट, पातळ पत्रा ताणला जाऊन त्याला कायमची लहर येते, म्हणून जाणकार रासायनिक द्रावण किंवा खाण्याच्या सोड्याचा सौम्य मारा पसंत करतात. जुन्या लाल-नारिंगी रंगद्रव्यांत आणि गंजरोधक अस्तरांत शिसे असण्याची शक्यता असल्याने कोरडे घासणे धोक्याचे असते. त्यानंतर पोचे ठोकून सपाट करणे, पुट्टी भरणे, अस्तर मारणे आणि पाणी लावून पॉलिश पेपरने घासणे हा क्रम येतो.

दारावरची उठावाची अक्षरे ही या कामाची खरी परीक्षा. ती साच्यात दाबून पत्र्यातच उमटवलेली असतात, त्यामुळे पुट्टी अथवा अस्तर जरा जाड झाले की अक्षरांच्या कडा बुजतात आणि बारीक शेपट्या पत्र्यात विरून जातात. संपूर्ण दार लाल करून घेतल्यावर कठीण रबरी रोलरने फक्त उंच भागाला पांढरा रंग लावणे, किंवा बारीक कुंचल्याने एकेक अक्षर भरत जाणे, असे दोन मार्ग असून दुसरा अधिक वेळखाऊ, पण कडांवर अधिक ताबा देणारा आहे.

लाल कोणता, हा प्रश्न तरीही उरतोच. कोका-कोला कंपनीच्याच सांगण्यानुसार तिचा लाल हा एकाच छापील रंगक्रमांकात बसणारा नाही. त्यामुळे रंगारी दाराच्या रबराखाली किंवा बिजागरीमागे, जिथे ऊन पोहोचले नाही, तिथला थर पाहून छटा जुळवतात. आज बहुधा वापरला जाणारा दोन घटकांचा युरेथेन रंग आणि त्यावरील पारदर्शक थर टिकाऊ असतो, पण त्यातून मिळणारी आरशासारखी खोल चकाकी भाजलेल्या एनॅमलला नव्हती. अशा यंत्राला जीर्णोद्धारित म्हणण्यापेक्षा नव्याने सजवलेले म्हणणे अधिक रास्त होईल; पारदर्शक थराविना मारलेला एकेरी रंग त्या काळाच्या अधिक जवळ जातो.

पुराव्याच्या दृष्टीने एक साधी काळजी पुरेशी ठरते. सर्व रंग उतरवण्यापूर्वी दाराच्या आतल्या कडेवर नाण्याएवढी जागा बारीक पॉलिश पेपरने उतरत्या खोलीने घासली, तर लाल, पांढरा, अस्तर आणि पुन्हा लाल अशी वर्तुळे दिसू लागतात, आणि त्यांवरून यंत्र किती वेळा नव्या वेशात गेले, याचा अंदाज करता येतो. ती जागा झाकून तशीच ठेवता येते. रिव्हेटने बसवलेली अनुक्रमांकाची पट्टीही रंग मारताना न काढता कागदाने झाकणे इष्ट. कारण यंत्राचे वर्ष ठरवण्यास ती सर्वांत विश्वसनीय असते, आणि एकदा काढून हरवलेली पट्टी पुढे दुसऱ्याच यंत्रावर बसवली गेल्यास दोन्ही यंत्रांचा इतिहास बिघडतो.