झोळी

झोळी : दोन्ही टोकांनी बांधून अधांतरी टांगलेले कापडाचे वा दोरीच्या जाळीचे शय्यासाधन. भिक्षेकऱ्याच्या खांद्यावरील झोळी आणि फळीचा झोपाळा यांहून ते निराळे होय. जाळीची झोळी मूळची अमेरिका खंडातील. कॅरिबियन बेटांवरील तैनो लोक तीत झोपत. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीत यूरोपीयांना तिची ओळख झाली व तिचे ‘हमाका’ हे तैनो नावच पुढे ‘हॅमॉक’ या रूपाने रूढ झाले. सोळाव्या शतकाअखेर इंग्लंडच्या नौदलाने खलाशांसाठी ती स्वीकारली.

महाराष्ट्रात झोळी ही आरामाची वस्तू नव्हती. ती कष्टकऱ्यांच्या गरजेतून आली. जुन्या लुगड्याची टोके घराच्या तुळईला किंवा बांधावरील झाडाच्या फांदीला बांधून तीत तान्हे मूल निजवावयाचे व आईने खुरपणीस लागावयाचे, ही रीत सर्वत्र आढळते. सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे ठाणे मेढा हे वेण्णा नदीकाठी असून त्याच्या पश्चिमेस कोयना खोऱ्याचा डोंगराळ मुलूख आहे. तेथे घोंगडी वा चादर बांबूला बांधून केलेल्या झोळीतून आजारी माणसे व अडलेल्या बाळंतिणी खांद्यावरून नेत. तिला डोली असेही म्हणतात. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय १९६० नंतरच्या दशकात भरला, तेव्हा खोऱ्यातील जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. पलीकडच्या वाड्यांतील रुग्णास डोलीतून काठापर्यंत आणि तेथून लाँचने बामणोली वा तापोळ्यास आणावे लागे. रस्ता न पोहोचलेल्या वस्त्यांची ही अडचण एकविसाव्या शतकातही पुरती संपलेली नाही.

झोळीचा भार पेलणारा दोर वळणे हे परंपरेने मातंग समाजाचे काम होते. सातारा-सांगली भागात घायपातास केकताड व त्याच्या धाग्यास वाख म्हणतात. घायपातही अमेरिकेतूनच आलेले. बांधावर व रेल्वेमार्गालगत कुंपण म्हणून ते लावले गेले. त्याची पाने कापून पाण्यात कुजवीत, मग बडवून, धुऊन व वाळवून वाख काढीत. पानांच्या रसाने अंगास खाज सुटते. शिवाय पानात धाग्याचे प्रमाण थोडे असल्याने मेहनतीच्या मानाने हाती थोडेच पडे. वाख, ताग व अंबाडी यांपासून मोटेचा नाडा, कासरा, दावे, शिंके, मुसके इ. वस्तू होत. जाळी विणण्याचे कसब शिंक्या-मुसक्यांत होतेच. मात्र त्या कसबाचा मोबदला बलुत्याच्या धान्यात, तोही मालकाच्या मर्जीनुसार मिळे. त्र्यं. ना. आत्रे यांच्या गावगाडा (१९१५) या ग्रंथात बलुतेपद्धतीचे तपशीलवार वर्णन आहे.

तेलाची इंजिने व विजेचे पंप आल्यावर मोट गेली, तिच्याबरोबर नाड्याची मागणी गेली. पुढे नायलॉनच्या दोराने उरलेला बाजारही घेतला. नायलॉन स्वस्त, टिकाऊ व न कुजणारे; पण तुटल्यावरही ते मातीत तसेच राहते. त्यामुळे बागेत व घरात टांगावयाच्या हातविणीच्या झोळ्यांसाठी नैसर्गिक धाग्यांकडे पुन्हा लक्ष वळले आहे. वाखाचा याबाबत सरसकट पुरस्कार करणे मात्र योग्य नव्हे. तो राठ असल्याने अंगास बोचतो व पावसात भिजत राहिल्यास कुजतो. मेक्सिकोतील युकातान प्रांतातही घायपातवर्गीय धाग्याच्या झोळ्यांची जागा पुढे बव्हंशी सुती झोळ्यांनी घेतली. तेव्हा अंगाखालची जाळी सुती आणि टांगण्याचे दोर वाखाचे, ही विभागणी सयुक्तिक ठरते. झोळीत लांबीच्या दिशेने न निजता किंचित तिरपे निजल्यास पाठ सरळ राहते. त्यासाठी जाळी पुरेशी रुंद विणावी लागते व साहजिकच धागा आणि श्रम अधिक लागतात. यंत्रावर विणलेल्या स्वस्त झोळ्या बहुधा याच ठिकाणी अरुंद केलेल्या असतात. पावसाळ्यात झोळी उतरवून कोरड्या जागी ठेवणे व टांगण्याचे दोर दरवर्षी तपासून झिजलेले बदलणे आवश्यक असते.