पाहुण्याची वही, यजमानाचे अक्षर

सोळाव्या आणि सतराव्या शतकांतील युरोपात परदेशी मित्राकडे दोन-चार दिवसांसाठी उतरलेला सुशिक्षित पाहुणा निरोप घेण्यापूर्वी एक छोटी, पुष्कळदा आडवी बांधलेली वही यजमानापुढे ठेवी, आणि यजमान तीत एखादे सुभाषित, स्नेहाच्या दोन ओळी, स्थळ, तारीख व सही असा मजकूर स्वहस्ते लिहून देई. या वहीला लॅटिनमध्ये ‘आल्बम आमिकोरुम’, म्हणजे मित्रांची वही, आणि जर्मनमध्ये ‘श्टामबुख’ म्हणत. १५४०च्या दशकात विटेनबर्ग विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी आपल्या गुरूंची व सहाध्यायांची अक्षरे जमवण्यास आरंभ केला, त्यातून ही चाल रूढ झाली. प्रारंभी कित्येक विद्यार्थी एखाद्या छापील ग्रंथाच्या पानांमध्ये कोरी पाने शिवून घेत. आंद्रेआ आल्चातो याचा ‘एम्ब्लेमाता’ हा बोधचित्रांचा ग्रंथ त्यासाठी विशेष पसंत केला जाई.

वहीत लिहिण्याचे संकेत ठरलेले होते. पुढची पाने राजे-सरदारांसाठी राखून विद्वान व सहाध्यायी यांनी मागे लिहावे, असा प्रघात होता; त्यामुळे पुष्कळ वह्यांत मधली पाने कोरीच राहिलेली दिसतात आणि तारखांचा क्रम पुढे-मागे होतो. लिहिणारा कुलीन असेल, तर तो आपल्या घराण्याचे चिन्ह स्थानिक चित्रकाराकडून त्या पानावर रंगवून देई. इटलीतील पादुआ येथे शिकणाऱ्या जर्मन विद्यार्थ्यांच्या वह्यांत व्हेनिसच्या स्त्रियांची आणि गोंडोला नावांची चित्रे आढळतात, तर इस्तंबूलपर्यंत गेलेल्या प्रवाशांनी तेथील ‘एब्रू’ कागद, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या रंगांची नक्षी उचलून घेतलेला कागद, आपल्या वह्यांत बांधून घेतला. युरोपला या कागदाची ओळख होण्यात अशा वह्यांचा वाटा मोठा आहे.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत यात्रेकरू आपले नाव-गाव लिहून जातो आणि ती वही क्षेत्रीच राहते; युरोपातील या वहीत मात्र यजमान लिही आणि वही पाहुण्याबरोबर पुढच्या गावी जाई. त्यामुळे ती परिचयपत्राचेही काम करी, कारण अनोळखी शहरात एखाद्या पंडिताचे दार ठोठावणाऱ्या तरुणाजवळ त्या पंडिताच्याच स्नेह्याचे अक्षर असे. म्हणून या चालीकडे निव्वळ मिरवण्याची हौस म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. धर्मयुद्धांनी दुभंगलेल्या त्या काळात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही पंथांच्या माणसांची अक्षरे एकाच वहीत शेजारी नांदली, ही गोष्ट लहान नव्हे.

अँटवर्पचा भूगोलज्ञ अब्राहम ऑर्टेलियस याची वही याचे उत्तम उदाहरण आहे. १५७० मध्ये पहिला आधुनिक नकाशासंग्रह प्रसिद्ध करणारा हा गृहस्थ १५७७ मध्ये, म्हणजे स्पॅनिश सैन्याने अँटवर्प लुटल्याच्या पुढच्याच वर्षी, इंग्लंडला जाऊन आला. त्या वर्षी गणितज्ञ जॉन डी याने त्याच्या वहीत लिहिले, आणि त्याच फेरीत ऑर्टेलियसने तरुण विल्यम कॅम्डेनला ब्रिटनच्या प्राचीन भूगोलाचा ग्रंथ लिहिण्याचा आग्रह केला. कॅम्डेनचा ‘ब्रिटानिया’ १५८६ मध्ये निघाला, तेव्हा त्याने हे ऋण प्रस्तावनेत नोंदवले. एवढ्याशा भेटीतून एका देशाच्या इतिहासलेखनाला वळण लागावे, याचे मोल फार मोठे आहे. ऑर्टेलियसची ती वही आज केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजात आहे.

वहीत लिहिलेले खासगी राहीलच, याची मात्र शाश्वती नसे. १६०४ मध्ये इंग्लंडचा राजदूत म्हणून व्हेनिसला निघालेला हेन्री वॉटन वाटेत ऑग्सबर्ग येथे मित्राकडे थांबला आणि त्याच्या वहीत, राजदूत म्हणजे देशहितासाठी खोटे बोलावयास परदेशी धाडलेला सज्जन होय, अशा आशयाचे विनोदी वाक्य लॅटिनमध्ये लिहून गेला. १६११ मध्ये कास्पार शोप्पे या कॅथलिक वादपटूने पहिल्या जेम्स राजाविरुद्धच्या आपल्या लेखनात ते वाक्य छापले. राजा रुष्ट झाला आणि वॉटनला लेखी खुलासे करावे लागले. मित्राच्या घरी सहज लिहिलेली ओळ अशा रीतीने दरबारी पुरावा झाली.

पुढे ही चाल विद्यापीठे व प्रवास यांपुरती राहिली नाही. नोव्हेंबर १७९२ मध्ये बॉनहून व्हिएन्नाला निघालेल्या बेथोव्हेनला त्याच्या स्नेह्यांनी अशीच एक वही भरून दिली होती. एकोणिसाव्या शतकात ही चाल प्रामुख्याने मुलींच्या व शाळकरी मुलांच्या हाती गेली. याच्या पुष्कळ आधी ऑग्सबर्गचा व्यापारी फिलिप हाइनहोफर याने मात्र राजेरजवाड्यांच्या सह्या व उत्कृष्ट चित्रे जमवून आपल्या वहीला रत्नभांडाराचे रूप दिले होते. तिच्यात मैत्रीपेक्षा वशिल्याचा भाग अधिक आहे, तरी कलेच्या दृष्टीने तिच्या तोडीची वही क्वचितच सापडेल. १६४७ मध्ये हाइनहोफर वारल्यानंतर ड्यूक ऑगस्ट याने ती आपल्या वोल्फेनब्युटेल येथील ग्रंथालयासाठी मिळवण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला; अखेर त्याच ग्रंथालयाने २०२० मध्ये सुमारे २८ लाख युरो देऊन ती विकत घेतली.