मलिष्काचे गाणे आणि महापालिकेची नोटीस

जुलै २०१७. मुंबई महापालिकेचे कर्मचारी वांद्र्यातील एका घरी तपासणीला गेले. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अळ्या सापडल्याचे सांगून त्यांनी नोटीस बजावली. पावसाळ्यात मुंबईत अशा नोटिसा निघतच असतात. ही मात्र वर्तमानपत्रांत झळकली, कारण ते घर होते रेड एफएमची रेडिओ जॉकी मलिष्का हिच्या आईचे.

आजचा थ्रेड या नोटिशीच्या मागे असलेल्या इतिहासाविषयी.

त्याच महिन्यात मलिष्काने एक विडंबनगीत केले होते. त्या पावसाळ्यात अवघ्या महाराष्ट्राच्या ओठांवर ‘सोनू साँग’ होते. त्याच चालीवर तिने खड्डे, तुंबलेले पाणी, रखडलेल्या लोकल आणि वाहतूक कोंडी यांचा पाढा वाचला आणि महापालिकेवरील मुंबईकरांच्या विश्वासाची टर उडवली. पालिकेत सत्ता शिवसेनेची होती. युवासेनेशी संबंधित नगरसेवकांनी आयुक्तांना पत्र लिहून मलिष्कावर ५०० कोटी रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावण्याची मागणी केली. त्या वर्षी पालिकेचा अर्थसंकल्प २५,१४१ कोटींचा होता, हेही येथे नोंदवून ठेवावे. अळ्या खरोखरच सापडल्या असतील. जुलैत त्या कुणाच्याही कुंडीखाली सापडू शकतात. लोकांना खटकली ती तपासणीची वेळ.

पण रस्त्यांची तक्रार गाण्यातूनच का मांडावी लागली? याचे उत्तर परवान्याच्या अटींत आहे.

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. १९९९ मध्ये खासगी एफएमचे धोरण आले आणि जुलै २००१ मध्ये बंगळूरात पहिले खासगी केंद्र सुरू झाले. या केंद्रांना गाणी, गप्पा, जाहिराती यांची मुभा मिळाली, बातम्यांची नाही. वृत्तपत्रांना आणि दूरचित्रवाहिन्यांना जे खुले होते, ते रेडिओला बंद राहिले. २०११ च्या धोरणाने थोडी सवलत दिली. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे प्रसारित करता येऊ लागले, आणि वाहतूक, हवामान, पाणीपुरवठा यांची माहिती ‘बातमी’ या व्याख्येतून वगळली गेली. म्हणजे कोंडी कुठे झाली आहे हे निवेदकाला सांगता येई. ती कोणामुळे झाली हे विचारू लागताच तो बातमीच्या उंबरठ्यावर पोहोचे. थट्टेला मात्र अशी बंदी नव्हती.

मराठी रंगभूमीला ही वाट अनोळखी नाही. तमाशाच्या वगात राजाला खडे बोल सुनावण्याचा मान सोंगाड्याचा. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या लोकनाट्यात दादा कोंडके हजरजबाबीपणे ताज्या राजकारणावर कोट्या करीत, आणि प्रयोगागणिक त्या बदलत. मलिष्का ही सकाळच्या रेडिओवरील सोंगाडीच म्हणावी.

एफएमवरची सगळीच थट्टा या जातीची नसते. अनोळखी माणसाला फोन करून त्याची फिरकी घेणे हा या माध्यमाचा सर्वांत लोकप्रिय खेळ. त्यात हसे होते ते ग्राहकाचे, दुकानदाराचे, रिक्षावाल्याचे. डिसेंबर २०१२ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन निवेदकांनी ब्रिटनच्या राणीचा आणि युवराज चार्ल्सचा आवाज काढून लंडनच्या एका रुग्णालयात फोन लावला. तो उचलणाऱ्या जॅसिंथा साल्डान्हा या मूळच्या कर्नाटकच्या किनारपट्टीवरील परिचारिका होत्या. तीन दिवसांनी त्यांनी जीवन संपवले. त्या फोनमागे कोणतीही तक्रार नव्हती, कोणाला जाब विचारायचा नव्हता. केवळ हशा हवा होता. मलिष्काच्या गाण्याशी त्याची तुलना करताना हा फरक विसरता येत नाही.

आणखी एक गंमत. एफएमचा आवाज शहराबाहेर फार दूर जात नाही. यवतमाळलगतच्या लोहाऱ्यात रेडिओचे बटण कितीही फिरवले तरी मुंबईचे ते केंद्र लागणे शक्य नव्हते. पण गाण्याची चित्रफीत होती आणि मोबाइलला अंतराची अडचण नसते. परवाना एका शहराचा. हशा मात्र राज्यभर.

मग आला २९ ऑगस्ट २०१७. मुंबई पुन्हा पाण्याखाली गेली. प्रख्यात पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर गाडीतून उतरून पाण्यातून घराकडे चालत निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये पडले. दोन दिवसांनी वरळीला त्यांचा मृतदेह सापडला. गाण्यातले तुंबलेले पाणी तेच होते.

मलिष्का थांबली नाही. २०१८ च्या पावसाळ्यात तिने ‘सैराट’मधील ‘झिंगाट’च्या चालीवर खड्ड्यांचे नवे गाणे केले. २०१९ च्या जानेवारीत केंद्र सरकारने खासगी एफएमला आकाशवाणीच्या बातम्या विनामूल्य घेण्याची परवानगी दिली, अर्थात अक्षरही न बदलता. त्याच वर्षी मलिष्का नटूनथटून रस्त्यावर उतरली आणि खड्ड्यांना चंद्र मानून चंद्राच्या गाण्यांवर नाचली.