मॉण्टेरीच्या तळघरातील रेल्वे

कॅलिफोर्नियातील मॉण्टेरी येथे जॉन ॲलन या व्यवसायाने छायाचित्रकार असलेल्या गृहस्थाने सुमारे वीस वर्षे खपून, आपल्या घराच्या तळघरात ‘गोरी अँड डिफीटेड’ या काल्पनिक रेल्वेचे डोंगरदऱ्यांसह जे लघुविश्व उभारले, ते १९७३ च्या जानेवारीत, त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत, आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. आणि म्हणूनच त्या असामान्य कारागिरीचा अस्सल दस्तऐवज आज आपल्याला लाभतो तो प्रामुख्याने त्याने स्वतः टिपलेल्या छायाचित्रांत.

१:८७ या प्रमाणाच्या त्या सृष्टीत धडधाकट माणूस जेमतेम दोन सेंटीमीटर उंचीचा. इतक्या लहान वस्तूजवळ भिंग नेले, की स्पष्टतेचा पट्टा विलक्षण अरुंद होतो. इंजिनाचे धुराडे रेखीव उमटते आणि मागचा दुसराच डबा धूसर होतो. खऱ्या गाडीच्या दुरून घेतलेल्या छायाचित्रात सहसा असे घडत नसल्याने, प्रतिकृती कितीही हुबेहूब असो, तिच्या लहानपणाची चुगली ही धूसरताच करते. ॲलन यावर भिंगाचे छिद्र अत्यंत बारीक करून मात करी. परंतु त्यापायी फिल्म दीर्घकाळ उघडी ठेवणे भाग पडे, आणि छिद्र मर्यादेपलीकडे आक्रसले, की प्रकाशाच्या विवर्तनामुळे सबंध चित्राचीच धार बोथट होई.

या पेचातून सुटण्याचा दुसरा मार्ग म्हणजे अनेक छायाचित्रांतून एक चित्र सिद्ध करणे, आणि ती तजवीज फार जुनी. ऑस्कर रेलँडरने १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जुळवून एक भव्य चित्र घडविले, तेव्हा त्यावर वाद माजला. तरी खुद्द व्हिक्टोरिया राणीने त्याची प्रत घेतली. पुढे १९८३ साली पीटर बर्ट व एडवर्ड ॲडेलसन यांनी चित्रातील स्थूल-सूक्ष्म तपशिलांचे थर वेगळे करण्याची ‘लाप्लास पिरॅमिड’ पद्धती प्रसिद्ध केली, आणि कालांतराने, वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेल्या चित्रांतील स्पष्ट भाग सांधणारे हेलिकॉन फोकससारखे प्रोग्रॅम हौशी मंडळींच्या हाती आले. २००८ च्या फोटोशॉपमध्येही ती सोय दाखल झाली.

आता कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवून, छिद्र मध्यम ठेवून, फोकस तेवढा इंजिनाच्या बफरपासून दूरच्या डोंगरापर्यंत टप्प्याटप्प्याने सरकवायचा. प्रत्येक चित्रातला स्पष्ट भाग निवडून सांधण्याचे काम संगणक करतो. यास कोणी बनवाबनवी म्हणत असेल, तर ते मला मुळीच मान्य नाही. कारण कारागिराने डब्यावर रंगविलेला गंज यात प्रथमच पुरता दिसतो. अर्थात, सिग्नलचा खांब दूरच्या डोंगरावर आडवा आला, की त्याच्या कडेभोवती फिकट वलय उमटते, आणि ते मूळच्या चित्रांतील योग्य तुकडा घेऊन हातानेच पुसावे लागते.